खळ दिलेला झेंडा

आमच्या ह्यांना सुरकुती खपत नाही. माणूस रुसलेला चालतो, जेवण गार झालेलं चालतं, पण कापडावर एक चुणी दिसली की ह्यांचा जीव खालीवर होतो. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाई गं, ह्याच्याशी भांडायचं तर खुशाल भांड, पण उशीचा अभ्रा सरळ ठेव. मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुलाईची मशिनं, हॉटेलांचे टेबलक्लॉथ ज्यातून काढतो तो जुना रोलर, आणि सगळ्यात मागे इस्त्रीचं लांबलचक टेबल. त्या टेबलामागे हे उभे असतात, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. डॉक्टरांचे पांढरे कोट, बँकेतल्या लोकांचे शर्ट, सरकारी कचेऱ्यांचे झेंडे, सगळं ह्यांच्या हाताखालून जातं. मी काउंटर सांभाळते. म्हणजे बोलायचं काम माझं आणि न बोलायचं ह्यांचं, आणि दोघंही आपापल्या कामात पक्के.

आम्हाला एकच मुलगा. शाळेत असल्यापासून दुकानात लुडबुडायचा, पुढे तिथेच रमला. दोनेक वर्षांपूर्वी जेवताना त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि सांगून टाकलं, की त्याचा जीव एका मुलावर आहे, मुलीवर कधी जडला नाही आणि जडणारही नाही, आणि ते दोघं आता एकत्र राहणार आहेत. मला धक्काबिक्का काही बसला नाही. घरातले कपडे धुणाऱ्या बाईपासून घरातलं काय लपतं? मी एवढंच विचारलं, की त्या मुलाला स्वयंपाक येतो का. कारण आमच्या चिरंजिवांना चहासुद्धा धड येत नाही.

ह्यांनी मात्र ताटावरून मान वर केली नाही. शेवटचा घास संपवला आणि म्हणाले, "दुकानात आणू नकोस त्याला. गिऱ्हाइकं येतात."

बस्स. ना आरडाओरडा, ना आदळआपट. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण तिथल्या तिथे निवळलं असतं. पण हे असं गार बोलणं. पोरगा म्हणाला, त्याला आणायचं नसेल तर मीही येत नाही. आणि खरंच नाही आला. खाण तशी माती! बापाने अबोला धरला, लेकाने त्याहून घट्ट धरला, आणि मधल्या मध्ये मी. इकडे आड, तिकडे विहीर.

दुकान बंद असतं त्या दिवशी मी डबा घेऊन पोराकडे जायचे. ह्यांना ते ठाऊक होतं, कारण डबा भरताना मी मुद्दाम भांडी वाजवायचे. हे कधी विचारायचे नाहीत की कसा आहे तो. मी परत आले की पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "बस मिळाली का?" मी म्हणायचे, मिळाली. म्हणजे पोरगा बरा आहे. एकदा त्याला ताप होता, तेव्हा मी म्हणाले, बस मिळाली पण फार गर्दी होती. त्या रात्री हे जेवले नाहीत. आता अशा माणसाचं काय करावं तुम्हीच सांगा. माया पोटात मावत नाही आणि ओठावर येत नाही.

पोराच्या जोडीदाराला मी लंबू म्हणते. दारातून आत येताना मान वाकवावी लागते एवढा उंच. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देतो. स्वयंपाक उत्तम करतो आणि मी गेले की आधी माझे पाय दुखतात का ते विचारतो, जे माझ्या पोटच्या पोराने आजवर एकदाही विचारलेलं नाही. पहिल्याच भेटीत मला वाटलं होतं, चला, पोराने निवड तरी शहाण्यासारखी केली. मी त्या लंबूची मनापासून ऋणी आहे, आणि हे मी कुणासमोरही सांगेन.

तर या वर्षी लंबूला दूरच्या शहरात मोठं काम मिळालं. प्राइडची, म्हणजे ह्या दोघांसारख्यांची दरवर्षी निघते ती, मिरवणूक झाली की पुढच्याच आठवड्यात दोघं सामान हलवणार होते. इतक्या लांब, की डबा घेऊन बसने जाता यायचं नाही. मला कळून चुकलं, की बापलेक आत्ता बोलले तर बोलले. एकदा अंतर पडलं की या दोघा हट्टी माणसांपैकी फोन कोण उचलणार? माझं देवाकडे एवढंच मागणं होतं, की जायच्या आधी एकदा बोलू देत. भांडू देत हवं तर. पण बोलू देत.

अशात पोराचा फोन आला. प्राइडच्या मिरवणुकीत त्यांच्या मंडळाचा एक लांब झेंडा असतो, सहा रंगांचा, अख्खी बस झाकली जाईल एवढा. पन्नास-साठ जण दोन्ही बाजूंनी त्याच्या कडा धरून चालतात आणि चालताना लाटा उठवतात. गेल्या वर्षी तो पावसात भिजला, तसाच कुणाच्या तरी अडगळीच्या खोलीत कोंबला, आणि आता उघडला तर चिखलाचे डाग आणि असा वास, की धरणाऱ्यांनी नाक धरावं. घरच्या मशिनमध्ये तो मावेना. पोरगा चाचरत म्हणाला, आई, कुठे देऊ गं धुवायला? मी म्हणाले, आईची लाँड्री असताना हा प्रश्न विचारतोस? लाज नाही वाटत? टॅक्सी केली, झेंडा उचलून आणला.

चोरून काही केलं नाही. ह्यांच्यासमोर गाठोडं सोडलं आणि सांगितलं, हा तुमच्या मुलाच्या मंडळाचा झेंडा आहे, मी धुणार आहे. हे म्हणाले, "मी हात लावणार नाही."

नका लावू, म्हटलं. तुमच्यावाचून कुणाचं अडलंय?

रंग एकमेकांत उतरू नयेत म्हणून थंड पाण्यात मीठ टाकून धुतला, डाग हाताने घासले, आणि गच्चीवर चार दोऱ्यांवर आडवातिडवा वाळत घातला. मग हॉटेलचे टेबलक्लॉथ पोचवायला मला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर गच्ची रिकामी. खाली दुकानात धावले, तर काउंटरवर तपकिरी कागदाचं चौकोनी पुडकं, सुतळीने बांधलेलं, कडा अशा जुळवलेल्या की नखही शिरू नये. अशी घडी या गावात एकच माणूस घालतो.

हे काय, म्हणून विचारलं, तर इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाले, वाळलेला होता, वाटेत येत होता. गच्चीवर कोणाच्या वाटेत येत होता, कबुतरांच्या? पण मी गप्प बसले. ह्यांना जरा शाबासकी दिली की हे कासवासारखे मान आत घेतात. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. हात लावला! दोन वर्षांत पहिल्यांदा पोराच्या कशाला तरी हात लावला माणसाने.

मिरवणुकीच्या सकाळी विचारून पाहिलं, येताय का. दुकान उघडं ठेवायला हवं, म्हणाले. रविवारी? हॉटेलचं काम आहे. बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ह्यांचं ब्रीदवाक्य. ती मूठ उघडायला मी कशाला माझी बोटं दुखवून घेऊ? पुडकं पोटाशी धरलं आणि बस पकडली.

मैदानावर ही गर्दी. मी याआधी कधी गेले नव्हते, खोटं कशाला सांगू, जरा बावचळलेच. दाढीवाला एक गृहस्थ पायघोळ चमकीच्या गाऊनमध्ये, तोही माझ्यापेक्षा नीट चालत होता. दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बाकावर, एकीने दुसरीच्या टोपीची नाडी बांधून दिली. चाकांच्या खुर्चीला कुणीतरी फुगे बांधलेले. एक बाई 'आईची मिठी, मोफत' अशी पाटी गळ्यात अडकवून उभी होती आणि तिच्यापुढे चक्क रांग होती, चांगली मिशावाली दांडगी माणसं रांगेत उभी. एकाने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं ते उचलेचना. मला सगळंच समजलं असं नाही. कोण मुलगा, कोण मुलगी, कोण काहीच नाही, माझा गोंधळ उडत होता. पण ती रांग मला समजली. आपल्या पोराला तशा रांगेत उभं राहावं लागू नये एवढं मनात आलं, आणि आई असून नसल्यासारखी ज्यांची गत होती त्यांच्यासाठी गलबललं.

पोरगा आणि लंबू भेटले. पुडक्याची घडी पाहून पोरगा थबकला. बापाच्या हाताखाली वाढलेला, त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने सुतळीची गाठ न कापता सोडली. मंडळींनी दोन्ही बाजूंनी कडा धरल्या, उलगडायला लागले, आणि आवाज आला, कडकड, कडकड. सुक्या पानांच्या ढिगात पाय पडावा तसा.

ह्यांनी त्याला खळ दिली होती.

नुसती दिली नव्हती, भरभरून दिली होती, कचेऱ्यांच्या झेंड्यांना देतात तशी. पिवळा आणि हिरवा पट्टा तर पत्र्यासारखा ताठ. लाट उठवायची म्हणून सगळ्यांनी हात वर केले, तर लाट कसली, मधलं कापड तसंच फळीसारखं वर गेलं आणि फळीसारखं खाली आलं. त्यात वारा सुटला, ती फळी वाऱ्याने उचलली आणि एका कडेची माणसं फरफटत दुसऱ्या कडेच्या अंगावर गेली. हसू का रडू कळेना. सगळे हसायला लागले, मीही हसले, पण मनात म्हटलं, मेलं आता. मिरवणूक निघायची वेळ झाली होती.

फोन लावला. खळ दिलीत का, म्हणून विचारलं. "मग? झेंडा लुळा ठेवायचा?" हे म्हणाले, जसं काही मीच वेडी. मी सांगितलं, अहो, हा काठीवरचा झेंडा नाही, हा हातात धरून लाटा करायचा झेंडा आहे, हा लुळाच हवा. ह्यांच्या हातून चाळीस वर्षांत काम चुकलेलं मी पाहिलं नव्हतं, ह्यांनीही पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, पाणी मारायला हवं, बारीक आणि सारखं, नाहीतर डाग उठतील. या मग, म्हटलं. येणार नाही म्हणाले. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हणाले, "नका येऊ. मी इथल्या सगळ्यांना सांगते, हे काम आमच्याच दुकानाचं आहे म्हणून." फोन बंद झाला.

खरं सांगते, मी आशा सोडली होती. पोरगा म्हणाला, जाऊ दे आई, असाच नेऊ. पण तो झेंड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, आणि मला दिसत होतं की त्याला काय वाटतंय. चूक असो नाहीतर काही, बापाने त्या कापडावर जीव ओतला होता.

तेवढ्यात गर्दीतून भोंगा वाजवत स्कूटर आली. स्कूटरवर हे. अंगात दुकानाचं नाव छापलेला एप्रन, पायात दुकानातल्या चपला, पुढच्या जाळीत पाण्याच्या दोन स्प्रेच्या बाटल्या. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. गाऊनवाला दाढीवाला बाजूला झाला, त्याच्याकडेही नाही. थेट कापडापाशी. पट्टा चिमटीत धरून चोळला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, सहा जणांनी शिवलाय वाटतं, सहा पट्टे सहा जातींचे. मग हुकूम सुटले. लाल पॉलिस्टर आहे, त्याला पाणी नको. पिवळा, हिरवा सुती आहे, तिथे मारा. कडा धरा, ओढू नका. अनोळखी माणसं सैनिकांसारखी ऐकायला लागली.

गंमत पुढेच आहे. आमचा पोरगा एका कोपऱ्यावर उभा होता आणि त्याच्या शेजारी लंबू. ह्यांनी पोराकडे न बघता हवेत सांगितलं, त्या कोपऱ्यावाल्याला म्हणावं ताण देऊ नको. पोरगा झेंड्याकडे बघत म्हणाला, त्यांना सांगा, ताण नाहीये. आणि मध्ये उभा लंबू, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता, ह्यांचं त्याला आणि त्याचं ह्यांना पोचवत राहिला. तो म्हणतोय ताण नाहीये, काका. काका म्हणतायत, आहे. एवढासा झेंड्याचा कोपरा आणि दुभाष्या लागला. मला वाटलं दोघांना एकेक ठेवून द्यावी.

तेवढ्यात शिट्टी झाली, ढोल वाजले, आणि झेंडा चालायला लागला. हिरवा पट्टा अजून निम्मा ताठ होता. ह्यांनी एकदा स्कूटरकडे पाहिलं, एकदा कापडाकडे. अर्धं काम टाकून जाणं ह्यांच्या रक्तात नाही. मान खाली घातली आणि झेंड्याच्या कडेकडेने, फुस्स फुस्स पाणी मारत, हेही चालू लागले. प्राइडच्या मिरवणुकीत. एप्रन घालून. मी देवाचे, त्या खळीचे आणि सहा पट्टे सहा कापडांतून शिवणाऱ्या त्या सहा जणांचे एकदमच आभार मानले.

माणसं कशी ओळखायची हे ह्यांना येत नाही, कपडे ओळखता येतात. गाऊनवाला शेजारून चालत होता, ह्यांचं लक्ष त्याच्या घेराकडे गेलं ते हलेना. म्हटलं, आता हे काहीतरी बोलून बसणार. तर म्हणाले, हा मशिनमध्ये टाकू नका कधी, टिकल्या गळतील. आतून उलटा करून हाताने धुवा. मग दोन पावलं चालून म्हणाले, शिलाई मात्र चांगली आहे. त्या माणसाने दाढी कुरवाळली आणि लाजून सांगितलं, मीच शिवलाय. हे म्हणाले, पाठीमागे चुणी येतेय, खांद्यातून अर्धं बोट सोडा. दोघं पुढच्या चौकापर्यंत खांद्याबद्दलच बोलत होते. त्या माणसाच्या नजरेत काय आदर! मला हसू दाबवेना. माझ्या नवऱ्याने एका झटक्यात अशा माणसाशी मैत्री केली, ज्याच्याकडे बघायलाही हे सकाळी घाबरले असते, आणि ह्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

पाणी मारता मारता हे लंबूपाशी आले. पोरगा पलीकडे होता. लंबूने खाली वाकून ह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "काका, वरची नीट बसतेय ना?"

आता हे सांगायलाच हवं. काही महिन्यांपूर्वी ह्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. तेव्हा मी ती गुपचूप लंबूकडे नेली आणि घरी सांगितलं, दवाखान्याजवळच्या दुकानातून करून आणली. माणूस महिनोन् महिने ज्याला दुकानात येऊ देत नव्हता त्याच्याच हातच्या दातांनी जेवत होता. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं मला झालं होतं, पण तोंड मिटून बसले होते. हे माझ्याकडे वळले. मी आकाशात काय आहे ते बघायला लागले. मग पुन्हा लंबूकडे. मला वाटलं, आता बाटली फेकणार आणि निघणार. ह्यांनी जिभेने आतून कवळी चाचपली, गालाची हालचाल दिसली, आणि अगदी हळू म्हणाले, "डावीकडे जरा टोचते."

लंबू म्हणाला, घासून देतो, काका, पाच मिनिटांचं काम आहे. हे म्हणाले, बरं. एवढंच. पण मी चालता चालता थांबले आणि माझ्या मागचा माणूस माझ्यावर आदळला.

झेंडा आता मऊ पडू लागला होता. पुढच्या टोकाला लाटा उठत होत्या, आवाज गेला होता. आम्ही आमच्या दुकानाच्या भागातल्या मोठ्या रस्त्यावर आलो. फुटपाथवर बघ्यांची गर्दी, आणि त्या गर्दीत, कॉफीच्या दुकानाबाहेर, वकीलसाहेब. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यांचे काळे कोट हे दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत, आणि त्यांच्यासमोर ह्यांचा आवाज अजून खालच्या पट्टीत येतो. दोन वर्षं हे ज्याला भीत होते ना, तो समोर उभा होता.

वकीलसाहेबांनी हात वर केला आणि मोठ्याने विचारलं, "काय हो, झेंड्याचं काम तुमच्याकडे दिसतंय?"

माणूस चांगला, त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण प्रश्न असा, की सुटकेचा रस्ताच आखून दिलेला. अंगात एप्रन, हातात बाटली. हो म्हटलं की झालं, आणि ते खोटंही नव्हतं. मी मनात म्हणाले, म्हणा हो. इतकं चाललात तेवढं पुष्कळ आहे, मी धरून बसणार नाही. पोरानेही ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली आणि हातातल्या कडेकडे बघत राहिला, म्हणजे बापाला हो म्हणायला सोपं जावं. लहानपणापासून तसाच आहे तो. रुसेल, पण बापाला कोणासमोर ओशाळं होऊ देणार नाही.

हे थांबले. बाटली एप्रनला पुसली.

"काम नाही साहेब," हे म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी ह्यांचा आवाज रस्त्यापलीकडे पोचलेला पहिल्यांदा ऐकला. "मुलाबरोबर आलोय. हा माझा मुलगा. आणि तो उंच आहे ना, तोही घरचाच."

ढोल वाजतच होते, पण मला ते ऐकू येत नव्हते. वकीलसाहेबांनी पोराकडे पाहिलं, मग मान वर करून लंबूकडे पाहिलं, आणि मान डोलावली. म्हणाले, अरे वा, छान. मग म्हणाले, माझा कोट मंगळवारपर्यंत मिळेल ना? हे म्हणाले, सोमवारी संध्याकाळी पाठवतो. वकीलसाहेब परत कॉफीकडे वळले.

झालं! संपलं! आभाळ कोसळलं नाही, दुकानाला टाळं लागलं नाही. ज्या गिऱ्हाइकांपायी घरातलं पोरगं दोन वर्षं घराबाहेर राहिलं, त्या गिऱ्हाइकांना आपल्या कोटाची पडली होती. मला इतका संताप आला आणि इतकं हलकं वाटलं, की दोन्हीचं मिळून डोळ्यांतून पाणीच आलं. लंबूने एका हाताने कड धरली आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा.

हे पुन्हा कामाला लागले होते. बाटली दाबली, तर नुसती हवा आली. दुसरी दाबली, तीही रिकामी. ह्यांनी लंबूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही बाटल्या सरळ पोरापुढे धरल्या.

"पाणी संपलंय," म्हणाले. "भरून आण."

पोरगा नुसता उभा. हात पुढे यायलाच तयार नाहीत.

"बघतोस काय? वाळेल ना तो."

पोराने कड माझ्या हातात कोंबली, बाटल्या घेतल्या आणि पळाला. पाणी वाटणाऱ्यांच्या टेबलापाशी झुंबड होती, तिथे लहान पोरासारखा माणसांच्या मधून घुसला. परत आला तेव्हा शर्ट पुढून ओलाचिंब. ह्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"अर्धीच?"

"गर्दी होती, बाबा."

"मग थांबायचं. कुणी मागे लागलं होतं का?"

पूर्वी दुकानात हे त्याच्याशी अस्संच बोलायचे. दिवसभर, उठता बसता, ह्याच आवाजात. मी कितीदा सांगितलं असेल, पोराशी जरा गोड बोला म्हणून. आता पुन्हा कधी सांगणार नाही. पोरगा बाटल्या घेऊन परत पाण्याकडे पळाला, आणि लंबू मला म्हणाला, काकू, तो रडतोय की हसतोय? मला इतक्या लांबून ते दिसलं नाही.